घरी बनवलेल्या यूएसबी कीपॅडला स्वतःचा नंबर

गेल्या महिन्यात आठ बटणांचा कीपॅड बनवला, बटणं आणि वायरी पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणल्या, रास्पबेरी पाय पिको हा कोड टाकता येणारा छोटा बोर्ड घरात होताच. कोड एका उदाहरणातून उचलला आणि त्यातला व्हेंडर आयडी, प्रॉडक्ट आयडी, म्हणजे डिव्हाइस कुठलं हे कॉम्प्युटरला सांगणारे दोन नंबर, तसेच राहू दिले. आधी त्याच नंबरांवर बोर्ड सिरियल पोर्ट (साधा डेटा पाठवणारं डिव्हाइस) म्हणून चालवून बघितला होता, मग कीबोर्डचा कोड टाकला तर विंडोज ऐकेचना! या नंबराचं डिव्हाइस म्हणजे काय हे त्याने आधीच लक्षात ठेवलेलं. लिनक्सवर तोच बोर्ड मस्त चालत होता. अख्खा रविवार मी सोल्डरिंग तपासत बसलो.

तर हे दोन नंबर, दोन्ही १६ बिटांचे, एक कंपनीचा आणि एक वस्तूचा, एका कंपनीच्या नंबराखाली ६५,५३६ वस्तू बसतात. कंपनीचा नंबर यूएसबी-आयएफ, म्हणजे यूएसबीचे नियम सांभाळणारी संस्था विकते, लोगो वगैरे नको, नुसता नंबर हवा तरी ६,००० डॉलर, म्हणजे पाच लाखांच्या वर. मला कीपॅड बनवायचेत दोन, एक मला आणि एक ताईला व्हिडिओ एडिटिंगसाठी.

दुसऱ्या कंपनीचा नंबर ढापायचा तर उद्या तिचं खरं डिव्हाइस त्याच कॉम्प्युटरला लागलं की ड्रायव्हरचा घोळ, आणि मुळात तो नंबर आपला नाहीच ना.

पण फुकटात रीतसर नंबर मिळतो. बंद पडलेल्या एका कंपनीचा १२०९ हा नंबर पिड डॉट कोड्स (pid.codes) या वेबसाइटवाल्यांकडे आहे, त्याखालचे प्रॉडक्ट आयडी ते ओपन सोर्स हार्डवेअरला वाटतात. डिझाइन ओपन लायसन्सने गिटहबसारख्या कोड ठेवायच्या साइटवर सगळ्यांना दिसेल असं ठेवायचं, रिकामा नंबर निवडायचा, दोन छोट्या फायली जोडून त्यांच्या यादीत बदल सुचवणारी पुल रिक्वेस्ट टाकायची, बस. ओपनमोको फोनवाल्यांच्या १डी५० (हे नंबर हेक्समध्ये लिहितात, म्हणून मध्ये अक्षर) खालचे नंबर पण असेच वाटले जातात. डिझाइन उघडं करायचं नसेल तर चिप बनवणाऱ्यांना विचारा, रास्पबेरी पाय आणि एस्प्रेसिफ दोघंही आपली चिप वापरणाऱ्यांना स्वतःच्या नंबराखाली जागा देतात. मला हे फार आवडलं, कारण घरी बसून एकट्याने काही बनवणाऱ्याचा पण इथे विचार केलाय.

टेस्टिंगपुरते १२०९ खालचे ०००१ पासूनचे काही नंबर मोकळे ठेवलेत, पण ते फक्त आपल्या टेबलावर, कुणाला बोर्ड देताना चालत नाहीत. म्हणून ताईचा कीपॅड थांबवलाय. रिक्वेस्ट परवा टाकली, नंबर पक्का झाला की कोडमध्ये घालून तिला देईन.