घाना: काजूचा पैसा घरात कसा मुरतो

फेब्रुवारी ते एप्रिल हा घानातल्या काजूचा भर हंगाम, आपल्या कोकणातलाही जवळपास तोच. मी मार्चमध्ये गेले. सिंधुदुर्गात बागायतदार आणि बचत गटांबरोबर काम करताना दरवर्षी एक तक्रार ऐकू येते: आफ्रिकेचा काजू आला की आमचा भाव पडतो. तक्रार खोटी नाही. आपले कारखाने देशात पिकतो त्याहून कितीतरी जास्त काजू फोडतात आणि बाकीची गरज आयव्हरी कोस्ट, बेनिन, घाना, गिनी-बिसाऊ इथल्या कच्च्या बियांवर भागते. पण ती बी विकणाऱ्याच्या घरात पैसा पोचतो का, कोणाच्या हातात पोचतो आणि कोणत्या महिन्यात, हे मला बघायचं होतं.

आधी तयारीचं बोलते. मुंबईहून घानाच्या राजधानीला, अक्राला, थेट विमान नाही. अदिस अबाबा किंवा दुबईवरून जावं लागतं. पीतज्वराची लस घेतल्याशिवाय घानात प्रवेश नाही. ती सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि घेतल्यावर 10 दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, तेव्हा तिकिटाच्या आधी लसीची तारीख बघा. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा, शेवटपर्यंत घ्या. प्लग ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी पिनांचे. डिसेंबर ते फेब्रुवारी सहारातून हरमाटान वारा येतो. त्याची बारीक धूळ घशात बसते, दम्याचा त्रास असलेल्यांनी ते महिने टाळावेत.

अक्रात फार रेंगाळू नका. शहर देखणं आहे, इंग्रजी चालतं, रस्ते बरे आहेत, पण अक्रा बघून घाना कळत नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत ग्रेटर अक्रा भागात गरिबीचं प्रमाण 2.5 टक्के होतं आणि वायव्येच्या अप्पर वेस्ट भागात 70.9 टक्के. देश तोच, सरकार तेच. 2010 च्या डिसेंबरात समुद्रातलं तेल निघायला लागलं, आर्थिक वाढीचे आकडे फुगले, पण तेलाच्या विहिरीवर गावातल्या किती माणसांना काम मिळणार?

तरी मकोला बाजार चुकवू नका. डोक्यावर ॲल्युमिनियमचं मोठं घमेलं घेऊन ओझी वाहणाऱ्या मुली तिथे दिसतील. त्यांना कायायेई म्हणतात. बहुतेक जणी उत्तरेकडून येतात, कित्येकींच्या पाठीला मूल बांधलेलं असतं. त्या केव्हा येतात हे विचारा. तिकडे पाऊस वर्षातून एकदाच, साधारण मे ते ऑक्टोबर. पीक निघालं की शेतात काम उरत नाही, मग बस पकडून दक्षिणेला. फोटो काढायची घाई करू नका. आधी बोला, विचारा, नाही म्हणाल्या तर कॅमेरा ठेवून द्या.

अक्रा ते कुमासी सुमारे 250 किलोमीटर. पहाटेची बस घ्या, कारण दुपारनंतर कुमासीत शिरतानाची वाहतूक अंगावर येते. लहान अंतरांसाठी ट्रोट्रो नावाच्या मिनीव्हॅन असतात. त्या भरल्याशिवाय सुटत नाहीत, म्हणून पुढच्या गाडीची वेळ ठरवून ठेवू नका. कोकोबद्दल मराठीत बरंच लिहिलं गेलंय, इथे एवढंच सांगते: कोकोचा भाव सरकार जाहीर करतं आणि 1947 पासून कोकोबोर्डाची यंत्रणा आहे. काजूला असा आधार नाही. ट्री क्रॉप्स डेव्हलपमेंट अथॉरिटी ही सरकारी संस्था किमान भाव जाहीर करते, पण खरेदी खासगी व्यापारी करतात.

कुमासीच्या वर टेचिमान, वेन्ची आणि आयव्हरी कोस्टच्या सीमेवरचं सांपा हा काजूचा पट्टा. इथे वेळ काढा. खरेदी कशी होते ते जवळून बघितलं. एका बाईने अर्धं पोतं आणलं होतं. दलालाने मूठभर बिया घेतल्या, हाताच्या छोट्या कातरीने एकेक उभी चिरली आणि दोन ढिगांत टाकत गेला: पांढरा भरलेला गर एकीकडे, डागी आणि पोचट दुसरीकडे. मग किलोत किती बिया बसतात ते मोजलं. बी जितकी बारीक तितकी संख्या जास्त आणि भाव कमी. बाई त्या दोन ढिगांकडे टक लावून बघत होती. चिरलेल्या बियांचा चीक दलालाच्या बोटांवर काळा पडला होता, अगदी आपल्या फोडणाऱ्या बायकांच्या बोटांवर पडतो तसा. चार-साडेचार किलो बियांतून जेमतेम किलोभर गर निघतो. फोडणं, सोलणं, प्रतवारी ही कामं जिथे होतात तिथे मजुरी राहते, आणि घानाचा बहुतेक काजू सालासकट भारतात आणि व्हिएतनामला जातो. बोंडूंचा खच झाडाखाली कुजत पडलेला बघून मला फार वाईट वाटलं. गोव्यात त्याची फेणी होते, इथे बहुतेक बोंडं मातीत जातात.

मी तिला विचारलं, थांबली असतीस तर भाव चढला नसता का? ती म्हणाली, "चढला असता, मादाम. पण पोरगी बोर्डिंगला चाललीय." घानात 2017 पासून सरकारी उच्च माध्यमिक शाळांची फी माफ आहे आणि त्यामुळे पुष्कळ मुली नववीपुढे गेल्या, हे मोठंच काम. पण वसतिगृहात जाताना पत्र्याची ट्रंक, गादी आणि चॉप बॉक्स न्यावा लागतो. चॉप बॉक्स म्हणजे लाकडी पेटी, त्यात गारी (कसाव्याचा भाजलेला रवा), साखर, शितोची (तिखट मिरचीच्या चटणीची) बरणी, दुधाचे डबे. ती पेटी भरायची तारीख शाळा ठरवते, काजूचा भाव नाही. फी माफ होऊनही ही बाई अर्धं पोतं लवकर विकून टाकते, ती या तारखेपायी.

घरात एक पाकीट असतं हे गृहीत धरून गेलात तर सगळं चुकेल. या भागातल्या अकान समाजाच्या घरांत नवऱ्याचा पैसा वेगळा, बायकोचा वेगळा. नवरा जेवणासाठी ठरावीक चॉप मनी देतो, वरचा खर्च बाई आपल्या व्यापारातून काढते. वारसा आईच्या बाजूने चालतो, म्हणून नवऱ्याच्या बागेत जन्मभर राबलेल्या बाईला त्याच्या मृत्यूनंतर बाग भाच्याकडे जाताना बघावी लागायची. 1985 च्या वारसा कायद्याने विधवेला आणि मुलांना वाटा दिला. तरी कुळाच्या जमिनीवर लावलेल्या झाडांचा प्रश्न येतो तेव्हा वाद होतातच. झाडांनी शिवार भरलं की याम या कंदाच्या लागवडीला जागा कमी पडते आणि यामचा व्यापार हा बहुतेक बायकांच्या हातातला. काजूचं क्षेत्र वाढलं म्हणून घर सुधारलं असं धरून चालू नये.

बाजारात पैसे सांभाळायची त्यांची रीत सुसू. सुसूवाला रोज टपरीवर येऊन ठरलेली रक्कम घेतो आणि 31 चौकोनांच्या कार्डावर खूण करतो. महिन्याअखेर 30 दिवसांचे पैसे परत, एका दिवसाचे त्याची मजुरी. म्हणजे व्याज मिळायचं सोडून उलट द्यावंच लागतं. भाजी विकणाऱ्या एका आजींना मी विचारलं की असं का करता. त्या म्हणाल्या, "घरात ठेवले तर कोणीतरी आजारी पडतं." यावर मला उत्तर सुचलं नाही.

आता मोबाईल मनी सगळीकडे आहे. छत्रीखाली बसलेला एजंट गल्लोगल्ली सापडतो, अक्रातली लेक आईला तिथूनच पैसे पाठवते. 2022 च्या मे महिन्यात सरकारने या व्यवहारांवर 1.5 टक्के कर लावला, तेव्हा बरेच लोक पुन्हा रोखीकडे वळले. पुढे तो कमी झाला आणि 2025 मध्ये रद्दच झाला. 2022 चं वर्ष कोणीही विसरलेलं नाही. त्या डिसेंबरात महागाई 54.1 टक्क्यांवर होती, देशाने बहुतेक परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले आणि 2023 च्या मे मध्ये नाणेनिधीचं 3 अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर झालं. सुसूच्या कार्डावर रोज तेवढेच सेडी (घानाचं चलन) जमा होत होते आणि महिन्याअखेर त्यांत कमी गारी येत होती. पर्यटकांसाठी सांगायचं तर सिम घेताना पासपोर्ट लागतो, डॉलर एकदम सगळे बदलू नका आणि गावात सुट्या नोटा ठेवा.

टेचिमानहून उत्तरेला टामाले. वाटेत किंटाम्पोचा धबधबा आहे, पाय मोकळे करायला ठीक. टामालेच्या आसपास आधी गावप्रमुखाला भेटायची रीत आहे. सोबत कोलाच्या बिया न्या, उजव्या हाताने द्या, आणि ख्यालीखुशालीचे सवाल-जवाब पुरे होऊ द्या. मधेच मुद्द्यावर येणं तिथे उद्धटपणा समजला जातो. स्त्री दुभाष्या मिळाली तर सोन्याहून पिवळं. पुरुष सोबत असला की बायका पैशाबद्दल तोंड उघडत नाहीत.

इथे मी बचत गटाची बैठक बघितली. झाडाखाली बाकडी, मधोमध तीन कुलपांची लोखंडी पेटी, तीन किल्ल्या तीन बायकांकडे. हा प्रकार 1991 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्याच नायजरमध्ये सुरू झाला. बँक नाही, बाहेरचं कर्ज नाही. जमा, उसनवारी, आजारपणाचा वेगळा डबा, सगळं सगळ्यांसमोर मोजायचं आणि वर्षाअखेर वाटून घ्यायचं. वाटपाचा महिना त्यांनी पेरणीच्या तोंडावर ठेवला होता. आपल्याकडे गट बँकेशी जोडण्यावर आपण सगळी शक्ती लावतो. वाटप कधी करायचं हा विचार आपल्याही गटांत व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

कारण उपासमारीचे महिने तिथे ठरलेले आहेत. जून-जुलैत गेल्या वर्षीचं धान्य संपतं, नवं यायचं असतं. नेमक्या त्याच वेळी शिया या झाडाची फळं पडतात, त्यांच्या बियांतून लोण्यासारखी चरबी निघते, आणि त्या झाडांचं उत्पन्न बायकांचं. बिया उकडायच्या, वाळवायच्या, फोडायच्या, भाजायच्या, दळायच्या आणि मग तो तपकिरी लगदा पाणी घालत हाताने मळत राहायचा. बराच वेळ काही होत नाही. मग ताकातून लोणी वर यावं तसा पांढरा गोळा वर यायला लागतो. मी कोपरापर्यंत हात घालून बघितला, काही वेळातच खांदे भरून आले. हा पैसा थोडा, पण भुकेच्या महिन्यात येतो आणि बाईच्या हातात येतो. म्हणूनच तो पोराच्या ताटापर्यंत पोचतो.

सरकारची मदतही आहे. 2008 पासून लीप योजनेत अतिगरीब घरांना दर दोन महिन्यांनी रोख मिळते. 2003 च्या कायद्याने आरोग्य विमा आला, त्यात 18 वर्षांखालील मुलं आणि गरोदर बायका यांना हप्ता नाही. पण कार्डाचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं आणि ते बहुधा हात रिकामा असतानाच संपतं. हिवतापावरची पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी आर 21 लस 2023 च्या एप्रिलमध्ये सर्वांत आधी मंजूर केली ती घानाने. एका आरोग्य केंद्रात परिचारिकेला मी महाराष्ट्रातून आले म्हटल्यावर तिने पुण्याचं नाव घेतलं, तेव्हा ऊर भरून आला.

अभ्यासासाठी जाणाऱ्यांना एक सांगते. महिन्याचं उत्पन्न किती, हे विचारू नका, कारण तिथे महिन्याचं उत्पन्न नसतं. गेल्या पावसाळ्यात धान्य केव्हा संपलं, तेव्हा काय विकलं, शेवटचा दवाखान्याचा खर्च कोणी दिला, हे विचारा. माणसं मन लावून उत्तर देतात.

खाण्याचं: वाचे म्हणजे चवळी-भात, रेड-रेड म्हणजे पाम तेलातली चवळी आणि तळलेली केळी, दोन्ही चविष्ट. कोंटोमिरे ही अळूसारखी पालेभाजी उकडलेल्या यामसोबत छान लागते. पण सुकवलेल्या माशाची पूड कशातही असू शकते, शाकाहारी लोकांनी दर वेळी विचारून घ्यावं. पाणी सीलबंदच प्या.

काजू बघायचा तर मार्च, शिया बघायचा तर जून-जुलै. एका फेरीत दोन्ही नीट होत नाही. पावसात उत्तरेकडचे कच्चे रस्ते बंद पडतात, तेव्हा हाताशी मोकळे दिवस ठेवा. ईशान्येला बावकूच्या बाजूला जाऊ नका, तिथला संघर्ष जुना आहे आणि मधूनमधून भडकतो. परतताना मुंबईच्या आरोग्य तपासणीत पीतज्वराचं प्रमाणपत्र पुन्हा मागतात, नसेल तर विलगीकरणात ठेवतात. ते हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको.