चुन्याची रेघ आणि नऊ रात्री : आमची वाटचाल

आमच्या फोटोच्या कामाची सुरुवात डोंबिवलीतल्या एका गरब्याच्या मैदानावर झाली, २०१४ च्या नवरात्रात. घरात या व्यवसायातलं कुणी नव्हतं. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायचे आणि धाकटा भाऊ बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता. दोघांनी साठवलेल्या पैशांतून साडेबारा हजारांना एक वापरलेला निकॉन डी ३१०० घेतला होता, त्याच्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्स, एक बॅटरी, एक कार्ड. बस्स, एवढंच भांडवल. आमच्याच इमारतीतले एक काका गरबा मंडळाचे खजिनदार होते. त्यांनी नऊ रात्रींचे सहा हजार ठरवले. आम्हाला तेव्हा तो आकडा फार मोठा वाटला.

पहिल्या रात्री कॅमेरा ऑटोवर ठेवून मी तीनशे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांना लॅपटॉपवर दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बेटा, चेहरे चांगले आलेत. पण ह्यात आपलं ग्राउंड कुठंय?"

खरंच नव्हतं. पांढरेफटक चेहरे आणि मागे काळाकुट्ट अंधार. कमानीवरच्या माळा, मध्यभागी मांडलेली गरबी म्हणजे देवीची दिव्याची मांडणी, कडेला खुर्च्या टाकून बसलेल्या आज्या, धुरळ्यातून पसरणारा पिवळा उजेड, यातलं काहीच नाही. रात्रीचा सगळा सोहळा मी फ्लॅश मारून पुसून टाकला होता. काकांचं ते वाक्य मी आजही कामावर येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी सांगते.

कारण साधं आहे. कॅमेऱ्यावरच्या छोट्या फ्लॅशचा उजेड जेमतेम दहा-बारा फुटांपर्यंत पोचतो. ऑटोवर शटर साधारण एक-साठांश सेकंद उघडतं आणि तेवढ्या वेळात मागच्या दिव्यांचा उजेड सेन्सरवर पुरेसा येतच नाही. म्हणून दुसऱ्या रात्री मी फ्लॅश बंद केला, तर शटर एवढं हळू झालं की माणसांच्या जागी नुसत्या रंगीत रेघा. त्या लेन्सचं तोंडच लहान. झूम केलं की एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही, आणि एफचा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं.

मोठ्या तोंडाची आणि परवडणारी लेन्स म्हणजे ५० मिलिमीटर एफ १.८. तिसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी फोर्टात बोरा बाजारला गेले. एका दुकानात वापरलेली, जुन्या 'डी' प्रकारची पन्नासची लेन्स ४,८०० ला मिळाली. दुकानदार म्हणाला, सगळ्या निकॉनला बसते. बसली. परतीच्या लोकलमध्ये मी बटण दाबत होते आणि फोकस होत नव्हता. मुलुंड येईपर्यंत मी दाबत राहिले. नंतर कळलं, की या जुन्या लेन्समध्ये मोटर नसते, ती कॅमेऱ्यात असावी लागते, आणि डी ३१०० मध्ये ती नाही. लेन्स परत घेणार नाही असं बिलावरच लिहिलेलं होतं. दुसरी घ्यायला पैसे नव्हते. रात्री साडेसातला मैदानावर हजर व्हायचं होतं.

हातानं फोकस करायचा, तर नाचणारी माणसं थांबत नाहीत. भिंगातून बघत कडी फिरवेपर्यंत जोडी पुढे गेलेली असायची. भावानं तासभर माझी धडपड बघितली आणि म्हणाला, "ताई, तू कशाला हलतेस? नाच गोल आहे. ते फिरून तुझ्याकडेच येणार आहेत ना?"

मैदानाच्या कडेला खो-खोची आखणी करून उरलेला चुना होता. त्यानं माझ्यापासून तेरा फुटांवर जमिनीवर एक हातभर रेघ ओढली. मी त्या रेघेवर त्यालाच उभं केलं, त्याच्या डोळ्यांवर फोकस लावला आणि लेन्सच्या कडीवर चिकटपट्टी लावून टाकली. एफ २.८ वर त्या अंतराला साधारण दोन फुटांचा पट्टा धारदार येतो. एफ १.८ वर उघडली तर दीड फूटच. म्हणजे नाचणारीचा पाय रेघेवर पडला की दाबायचं, आधी नाही, नंतर नाही. आयएसओ, म्हणजे सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, १६००; शटर एक-सव्वाशे, म्हणजे सेकंदाचा सव्वाशेवा भाग. त्या रात्री ११० फोटो काढले आणि त्यातले २८ चांगले आले. मागे माळा दिसत होत्या. कमान दिसत होती. काकांनी एका फोटोवर बोट ठेवलं, बोलले काही नाहीत, पण पुढच्या दिवशी रोजच्या चहाबरोबर फाफडा आला.

पण रेघ अर्धंच काम करते. पाय रेघेवर पडतो तेव्हा चेहरा वर असेलच असं नाही. तीन टाळीच्या गरब्यात टाळीच्या वेळी अंग खाली वाकतं, मान झुकते, केस पुढे येतात. तिसरी टाळी झाली की अंग वर उठतं आणि एक क्षण चेहरा मोकळा होतो. घेर तेव्हाच सगळ्यात जास्त फुललेला असतो. हे मला फोटो बघून कळलं नाही. शेजारच्या कच्छी काकूंनी आम्हा दोघांना गच्चीवर आठवडाभर गरबा शिकवला तेव्हा कळलं. भावाचे पाय लवकर बसले, मला वेळ लागला. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: ज्याला तीन टाळी नाचता येत नाही, त्यानं मैदानात कॅमेरा धरायचा नाही. महागडा कॅमेरा एका सेकंदात दहा फोटो काढून एक बरोबर पकडेल. आमचा डी ३१०० सेकंदाला तीन काढायचा, त्यामुळे मोजून काढणं भाग होतं, आणि मोजायला ताल अंगात असावा लागतो.

टिपऱ्यांची गोष्ट वेगळी. टिपरी गोठलेली दिसली तर ती नुसती काठी वाटते. तिचा वेग दिसायला हवा. तिथे आम्ही पुन्हा कॅमेऱ्यावरचाच फ्लॅश वापरला, पण समजून. आयएसओ ८००, एफ ४, शटर एक-पंधरांश, आणि फ्लॅश शटर बंद होता होता उडेल असा, म्हणजे 'रिअर कर्टन' नावाच्या सेटिंगवर. शटर उघडं असताना मागचे दिवे आणि टिपरीची वाट रंगीत रेघेसारखी उमटते, आणि शेवटी फ्लॅश उडून चेहरा व हात जागच्या जागी धारदार येतात. फ्लॅश सुरुवातीलाच उडाला, तर ती रेघ टिपरीच्या पुढे पळते आणि माणूस मागे मागे नाचतोय असं वाटतं. मेनूतली एवढीशी एक गोष्ट, पण तिनं आमच्या फोटोंचा चेहराच बदलला. उजेड मऊ पडावा म्हणून फ्लॅशपुढे मिठाईच्या डब्यातला बटर पेपर दुहेरी करून रबरनं बांधला होता.

आणि आभले! चणिया-चोळीवर शेकडो आभले, म्हणजे टाचलेले छोटे आरसे, असतात आणि समोरून फ्लॅश मारला की प्रत्येक आभला तो तसाच परत फेकतो. सगळा घागरा पांढऱ्या ठिपक्यांनी भरून जातो. त्यावर उपाय सापडायला दुसरं वर्ष उजाडलं. २०१५ ला चिनी बनावटीचा एक साधा मॅन्युअल फ्लॅश आणि तो कॅमेऱ्यापासून दूर, तारेशिवाय उडवणारा रेडिओ ट्रिगर घेतले. भाऊ तो फ्लॅश जुन्या छत्रीच्या दांड्याला बांधून माझ्या डावीकडे, डोक्याच्या वर तिरका धरायचा. प्रकाश बाजूनं आला की आभले चमकतात, पण आंधळे करत नाहीत. काहींत तर समोरच्या दिव्यांचं लालपिवळं प्रतिबिंब दिसतं. एका फोटोत एका मुलीच्या कमरपट्ट्यावरच्या आभल्यात संपूर्ण कमान उलटी उमटली आहे, नखाएवढी. तो फोटो मी अजून दुकानात लावून ठेवलाय.

याच वर्षी आमच्या हातून एक चूक झाली, तीही सांगायला हवी. पहिल्या वर्षी काढलेले सगळे फोटो आम्ही एका पेन ड्राइव्हवर घालून आयोजकांना दिले होते, कुणालाही न विचारता. दुसऱ्या वर्षीही तसंच केलं. त्या वर्षी आम्ही ज्या दुसऱ्या एका मैदानाचं काम केलं होतं, त्यांनी त्यातल्या एका मुलीचा फोटो मोठा करून नाक्यावरच्या फ्लेक्सवर छापला. ती आमच्याकडे आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. घरी तिनं गरब्याला जाते असं सांगितलेलंच नव्हतं. फ्लेक्स दोन दिवसांनी उतरला, पण तिचं त्या वर्षीचं नवरात्र तिथेच संपलं. आयोजकांवर मी रागावले, तरी फोटो दिला होता मीच.

तेव्हापासून जवळून काढलेला चेहऱ्याचा फोटो आम्ही मंडळाला देत नाही. मंडळाला गर्दीचे, आरतीचे, बक्षिसांचे फोटो मिळतात. एकट्या बाईचा किंवा मुलीचा फोटो काढला की तिला तिथेच स्क्रीनवर दाखवतो. नको म्हणाली की तिच्यासमोर पुसतो. हवा असेल तर तिनं स्वतः आमच्या फोनवर स्वतःचा नंबर टाकायचा. मैत्रिणीनं, भावानं, नवऱ्यानं सांगितलेल्या नंबरवर फोटो जात नाही. पाठमोरा फोटो काढायचा नाही, पाठीची चोळी कशी असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. या अटी ऐकून दोन मंडळांनी आम्हाला काम दिलं नाही. पण आज आमचं निम्मं काम नाचणाऱ्या बायकांच्या शिफारशीवर चालतं. बारशी, डोहाळजेवणं, साखरपुडे, सगळं तिथूनच येतं.

पुढची तीन-चार वर्षं भरभर गेली. मी २०१७ ला नोकरी सोडली. २०१८ ला मैदानातच फोटो छापून द्यायला छोटा कॅनन सेल्फी प्रिंटर घेतला. पोस्टकार्डाएवढा फोटो पाऊण मिनिटात हातात येतो, आणि आम्ही तो ८० रुपयांना द्यायचो. तोपर्यंत मैदानांवर पिवळे हॅलोजन जाऊन एलईडी आले होते आणि त्यांचं नवीनच दुखणं सुरू झालं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मंदावतात. डोळ्याला कळत नाही, पण शटर एक-दोनशेवर नेलं की फोटोत आडवे काळे पट्टे येतात. एक-शंभरवर ठेवलं की पट्टे जातात. निळ्या-जांभळ्या उजेडात चेहरा काढायचाच नाही, दिवा फिरून पिवळट होईपर्यंत थांबायचं. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं न बदललेल्या मूळ फाइलमध्ये, काढलं तर डार्कटेबलसारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर रंग बरेच सावरता येतात, पण निळ्या दिव्यानं खाल्लेला चेहरा कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. स्टेजवर लेझर असेल तर त्याच्या वाटेत लेन्स धरू नका, सेन्सर जळतो आणि त्या जळलेल्या ठिपक्याला दुरुस्ती नाही.

वेळेचंही गणित आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सरकार ठरवेल तेवढ्याच दिवशी बारापर्यंत सवलत. बायका घरचं आवरून, नटून मैदानात येतात पावणेनऊला. म्हणजे बहुतेक रात्री आमच्या हातात सव्वा तास. म्हणून साडेसातलाच जाऊन रेघ ओढायची, उजेड मोजायचा, कुठला दिवा कुठून फिरतो ते लिहून घ्यायचं. फ्लॅशला रिचार्ज होणारे एनलूप सेल, तीन संच, कारण नाच रंगात असताना सेल बदलण्यात गेलेला मिनिट परत येत नाही.

२०१९ ला पाऊस सरता सरेना. मान्सून देशातून परतायला लागला तोच ९ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. मैदानात चिखल, चुन्याची रेघ धुऊन जायची, म्हणून आम्ही जमिनीत विटकरीचा तुकडा रुतवून खूण केली. कॅमेऱ्याला दुधाची पिशवी कापून घातली. भिजलेल्या जमिनीवर दिव्यांची प्रतिबिंबं पडलेले त्या वर्षीचे फोटो मला आमच्या सगळ्या कामात जास्त आवडतात. त्याच वर्षी वापरलेला डी ७२०० घेतला. त्याच्यात मोटर आहे, त्यामुळे पाच वर्षांनी ती पन्नासची लेन्स पहिल्यांदा आपोआप फोकस झाली. भावानं माझ्याकडे बघितलं, आम्ही दोघं काही बोललो नाही.

मग २०२० आणि २०२१, दोन्ही नवरात्रं मैदानं बंद. घरगुती फराळ विकणाऱ्या बायकांचे चकल्या-लाडवांचे फोटो काढून आम्ही दुकानाचं भाडं भरलं. भावानं सहा महिने एका कुरिअर कंपनीत काम केलं. २०२२ ला घटस्थापनेच्या रात्री मैदान पुन्हा उघडलं तेव्हा काका व्हीलचेअरवर आले होते. त्यांनी मांडीवरच दोन टिपऱ्या धरल्या होत्या आणि गाण्याबरोबर एकमेकींवर हळू टेकवत होते. एफ १.८, एक-साठांश, आयएसओ ३२००. फ्लॅश मारला नाही. मागे गरबीचा दिवा धूसर दिसतो आहे.

आज आम्ही चौघं आहोत. नवरात्रात तीन मैदानं घेतो, त्याहून जास्त नाही. सुरुवात करणारी मुलं फोन करून कॅमेरा कुठला घेऊ विचारतात. मी सांगते, वीस हजार असतील तर बारा-तेरा हजारांत जुनी बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, सहा-सात हजारांत मोठ्या तोंडाची एक लेन्स, ती तुमच्या बॉडीवर फोकस होते का हे दुकानातच लावून बघा, आणि उरलेल्यात सेल आणि दुसरं कार्ड. फ्लॅश पुढच्या वर्षी.

दसऱ्याला शस्त्रपूजेत आमच्या पाटावर सगळ्यात पुढे डी ३१०० असतो, झेंडूचं फूल वाहिलेला. यंदा तो पाटावर येण्याआधी मैदानावर जाणार आहे. आमच्याकडे नव्यानं आलेली मुलगी अकरावीला आहे, स्वतःचा कॅमेरा नाही, पण तीन टाळी उत्तम नाचते. पहिल्या रात्री तिच्या हातात तोच कॅमेरा आणि तीच पन्नासची लेन्स असेल. चुन्याची पिशवी भावानं कालच आणून ठेवली आहे.