एका रिपोर्टात दोन नावं कशी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये मी १९ वर्षं कल्चर लावतेय, म्हणजे लघवी-पुवातले जंतू प्लेटवर वाढवून ओळखतेय, आणि काउंटरवर रिपोर्टचा कागद पुढे करून हा प्रश्न विचारणारं कुणी ना कुणी येतंच. परवाचे गृहस्थ कागलकडचे. आईची शुगर जुनी, लघवीची नळी घातलेली. "मॅडम, एका लघवीत दोन-दोन नावं कशी ओ? एक ई. कोलाय, एक कँडिडा. दुसऱ्या कुणाचं सँपल मिसळलं न्हवं?"

मिसळलं नव्हतं. डबी दुपारभर मोटरसायकलच्या डिकीत फिरली तर त्यात नको ते वाढतं, हे खरं. पण नळीवर बुरशी (इथं कँडिडा) आणि जंतू (इथं ई. कोलाय) एकत्र सापडणं आम्हाला रोजचं आहे. नळीला आतून जो बुळबुळीत थर धरतो, त्यात दोघं शेजारी राहतात. एक रोग, एक जंतू, एक औषध असं आपण शाळेपासून धरून बसलोय, म्हणून दुसरं नाव दिसलं की लॅबवर संशय. आम्ही कागदावर नावं एकाखाली एक छापतो. त्या दोघांचं आपसात काय चाललंय, त्यासाठी रिपोर्टात रकाना नाही.

आणि चाललेलं बरंच असतं. कँडिडा अल्बिकन्स ही यीस्ट, म्हणजे एकपेशी बुरशी. स्लाइडला रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली जांभळे, लंबगोल, अंकुर फुटलेले दाणे दिसतात. शेजारी स्टॅफिलोकोकस हा बारीक गोल जंतू (आमच्या बोलण्यात स्टॅफ) असेल तर शाबूदाण्यात खसखस सांडल्यासारखं वाटतं. ही यीस्ट थोड्या सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पाण्यात, टाकून ३७ अंशांवर ठेवायची. आपण जेवून, चहा पिऊन येईतो, दोन-तीन तासांत, बऱ्याच दाण्यांना सरळ कोंब फुटलेला असतो. मी हे हजारदा पाहिलंय, तरी स्लाइड लावताना अजून उत्सुकता वाटते. शरीरात हाच कोंब लांब तंतू होतो आणि पेशींच्या आत घुसतो.

स्टॅफला स्वतःला हलता येत नाही. कँडिडाच्या तंतूवर एएलएस-३ नावाचं प्रथिन असतं, त्याला तो चिकटतो आणि तिच्या वाटेनं आत जातो. १९८२ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगात दोघांचा एकेकटा जो डोस उंदरांना पचत होता, तोच एकत्र दिल्यावर उंदीर मेले. शिवाय दोघांच्या एकत्र थरात स्टॅफ व्हॅनकोमायसिनसारख्या जबर अँटिबायोटिकलाही दाद देईनासा होतो. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कोणतं औषध चालेल याची तपासणी, आम्ही लावतो ती एकट्या जंतूची, वेगळा काढून. तिथं औषध चालतं, पेशंटमध्ये कमी पडतं, आणि नातेवाईक म्हणतात रिपोर्ट चुकला.

पण दोन नावं म्हणजे दोस्तीच असंही नाही. पहिल्या वर्षातली माझी चूक सांगते. शुगरच्या पेशंटच्या पायाच्या जखमेतला पू होता. स्लाइडवर गुलाबी काड्यांसारखे जंतू आणि मोजके यीस्टचे दाणे, दोन्ही दिसले. सकाळी प्लेट उघडली तर सगळीकडे निळसर हिरवा रंग आणि पिकल्या द्राक्षांचा वास, म्हणजे स्युडोमोनास हा जंतू. यीस्टचा मागमूस नाही. स्लाइडवरचं काहीतरी वरचं पडलं असेल म्हणून मी एकच नाव लिहून रिपोर्ट सोडला. आमच्या सरांनी एवढंच विचारलं, "स्लाइडवर होती ती गेली कुठं?" उरलेला पू जेंटामायसिन हे जंतू मारणारं औषध घातलेल्या सॅबूरॉ प्लेटवर, म्हणजे बुरशीसाठीच्या प्लेटवर, लावला. दोन दिवसांनी यीस्टच्या मलईच्या रंगाच्या वसाहती वर आल्या. डॉक्टरांना फोन मीच केला, आवाज कापत होता.

माझ्या पहिल्या प्लेटवर स्युडोमोनासनं तिला दाबून टाकलं होतं. २००२ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी दाखवलं की स्युडोमोनास कँडिडाच्या तंतूंवर चढून त्यांना मारतो, पण दाण्याच्या रूपातली यीस्ट त्याच्या हाती लागत नाही. पुढे कळलं की त्याच्या इशाऱ्याच्या रसायनाची चाहूल लागली की कँडिडा तंतू काढतच नाही, दाणा होऊन गप राहते. उलट तिच्या फार्नेसोल या रसायनानं त्याचा तो निळा रंग कमी होतो. भाऊबंदकीत बांधावरून असंच चालतं.

दातांचं मात्र मला घरचंच वाटतं. वडील साखर कारखान्यात केमिस्ट होते. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की रसाला तार सुटते आणि वडिलांचं डोकं फिरायचं. ल्युकोनॉस्टॉक नावाचा जंतू साखरेपासून चिकट डेक्स्ट्रान बनवतो, त्याची ती तार. लहान मुलांच्या दातांवर स्ट्रेप्टोकोकस म्युटान्स तोच धंदा करतो. साखरेपासून चिकट लगदा बनवणारं त्याचं एन्झाइम कँडिडाच्या अंगावर जाऊन बसतं, आणि एरवी दाताला फारशी न धरणारी यीस्ट तिथं घट्ट बसते. प्रयोगात दोघं एकत्र असले तेव्हा उंदरांचे दात जास्त किडले. बाटलीत गोड दूध देऊन बाळाला झोपवणाऱ्या घरांत हे सांगायला गेलं की आजी माझ्याकडं अशा बघतात की बस्स.

कागलच्या गृहस्थांचा दुसरा रिपोर्ट आला तो आठ दिवसांच्या अँटिबायोटिकनंतर. ई. कोलाय गायब, कँडिडा भरपूर. "औषधानं वाढली म्हणायची?" एका अर्थी होय. ते औषध जंतूंचं, यीस्टला त्याचं काहीच नाही, उलट जागा मोकळी झाली. घशासाठी गोळ्या घेतल्यावर काही बायकांना खाज सुटते तीही अशीच, राखण करणारे लॅक्टोबॅसिलस जंतू मेल्यामुळे. मी त्यांना डॉक्टरांकडं परत पाठवलं. ताप नाही, त्रास नाही, तर लघवीतल्या यीस्टला बहुतेक वेळा औषधही लागत नाही, नळी काढली की पुष्कळदा ती आपोआप जाते. रक्तात एक जरी यीस्ट सापडली तर मात्र आम्ही रात्री बारालाही फोन करतो.

नळी निघाली. तिसऱ्या वेळी त्यांनी डबी थर्मासमध्ये बर्फ घालून आणली. दोन दिवस प्लेट पाहिली, काही उगवलं नाही.

"म्हणजे दोन्ही गेली?"

"या लघवीत नाहीत," मी म्हटलं. "आतड्यात असतील की. बहुतेकांच्या असतात."

त्यांनी नकळत स्वतःच्या पोटावर हात ठेवला.