हात खरा, चेंडू खोटा

जर्मनीत ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटमध्ये टेबल टेनिस शिकलेला एक रोबोटिक हात आहे. सांधे चार, आणि प्रत्येक सांध्याला समोरासमोर ओढणारे दोन, असे आठ हवेचे स्नायू.

हवेचा स्नायू म्हणजे रबराची नळी आणि तिच्यावर तिरकी विणलेली जाळी. हवा भरली की नळी फुगते, धागे आडवे होत जातात आणि लांबी घटते. धाग्याचा नळीच्या अक्षाशी कोन 54.7 अंशांवर पोचला की ओढ संपली; पुढे कितीही हवा भरा. जोडीतले दोन्ही स्नायू सारखे फुगवले तर सांधा नुसता ताठ होतो, दाबात फरक पाडला की वळतो.

हे सूत्रात बसवायला गेलं की मात्र दमछाक होते. धागे एकमेकांवर घासतात, त्यामुळे तोच दाब चढताना एक कोन देतो आणि उतरताना दुसरा. रबर तापलं की वागणं बदलतं. व्हॉल्व्ह उघडल्यावर दाब चढायलाही वेळ लागतो. म्हणून हात चालवतो तो सूत्राऐवजी करून-चुकून शिकणारा प्रोग्राम. त्याला सांध्यांचे कोन आणि वेग पुरत नाहीत, प्रत्येक स्नायूतला दाबही द्यावा लागतो. त्याचं उत्तर एवढंच: कुठल्या स्नायूचा दाब किती वाढवायचा, किती कमी करायचा.

सुरुवातीला प्रोग्राम वाटेल तसा हात फिरवतो. मोटर आणि गिअरबॉक्सवर चालणाऱ्या नेहमीच्या कडक हाताला हे पूर्ण वेगात करू देणं धोक्याचं. इथे प्रत्येक स्नायूच्या दाबाची कमाल-किमान मर्यादा आधीच बांधून ठेवायची, म्हणजे वेडावाकडा हुकूम आला तरी सांधा टोकाला आदळत नाही. मऊपणाची खरी कमाई ही.

2020 मध्ये मांडलेल्या या प्रयोगातली मला सगळ्यात आवडलेली युक्ती चेंडूची. हजारो फटके मारायचे तर चेंडू गोळा करण्यातच दिवस जाईल. म्हणून खऱ्या चेंडूंचे मार्ग आधी नोंदवून ठेवले आणि सरावात ते सिम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकातल्या नकली टेबलावर, सोडले. हात खराच हलतो, त्याचे कोन सिम्युलेटरमधल्या हाताला दिले जातात, टक्कर तिथे मोजली जाते. बॅट लागली नाही तर ती चेंडूच्या किती जवळ गेली यावर गुण. लागली तर चेंडू ठरल्या जागेपासून किती दूर पडला यावर. स्मॅशसाठी वेगालाही गुण. मग खरे चेंडू सोडले, तर हाताने ते सरासरी सेकंदाला 5 मीटर वेगाने परतवले. स्मॅशमध्ये 12 मीटरने.

असं काही करून बघणाऱ्याने बॅटवरून चेंडू उसळण्याचं गणित खऱ्या चेंडूवर तपासून घ्यावं. ते थोडं चुकलं तरी फटका बसतो, पण चेंडू टेबलाबाहेर पडतो आणि दोष शिकवण्याला दिला जातो.