आमच्याकडे महालक्ष्म्या असतात

सोमवार, 1 सप्टेंबर 2025
ठाणे, रात्रीचे पावणेबारा

पाय भरून आलेत. ओटा तसाच पडलाय, पण आधी हे लिहून टाकते. उद्या विसर्जनाच्या घाईत राहून जाईल.

महालक्ष्म्या यंदा पहिल्यांदा ठाण्यात बसल्या. सासूबाईंच्यानं आता होत नाही, धाकटे दीर पुण्याला गेले, नागपूरच्या घराला कुलूप लावायची वेळ आली. तेव्हा ठरलं की लक्ष्म्या थोरल्याकडे जातील. थोरला म्हणजे माझा नवरा, आणि आम्ही मागच्या वर्षीच्या एप्रिलपासून इथे घोडबंदर रोडला. जुलैत गाडी घेऊन गेलो आणि सगळ्यांना घेऊन आलो. ज्येष्ठा-कनिष्ठेचे मुखवटे जुन्या नऊवारीत गुंडाळून माझ्या मांडीवर, त्यांची बाळं सासूबाईंच्या मांडीवर, धडाच्या कोठ्या डिकीत. समृद्धी महामार्ग जूनमध्येच शेवटपर्यंत सुरू झाला होता. नागपूरहून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत 701 किलोमीटर. तिथवर उजेडात पोचलो. वाचलेला सगळा वेळ मग माजिवड्याच्या ट्रॅफिकला परत केला.

सासूबाई पहिल्या दिवशी खिडकीत बसून समोरचे बावीस मजले मोजत होत्या. मग म्हणाल्या, "एवढी माणसं राहून राहिली, अन् एकाचाही आवाज नाही?"

ऑफिसात सुट्टी मागायला गेले तेव्हा म्हटलं, आमच्याकडे महालक्ष्म्या असतात. साहेब म्हणाले, "महालक्ष्मी? ती मार्गशीर्षात ना? गुरुवारी?" मी म्हटलं, नाही सर, भाद्रपदातल्या, मुखवट्यांच्या. शेजारची बाई म्हणाली, "अगं मग गौरी म्हण ना सरळ." अर्जात 'गौरी' लिहिलं. लिहिताना उगाचच वाटलं की घरच्या कुणाचं तरी नाव बदलतेय.

गंमत अशी, की आमच्याच विभागात एक मुलगी चेन्नईची आहे. ती "मला चहा पाहिजे" एवढं म्हणाली तरी टाळ्या पडतात. किती गोड बोलते, किती लवकर शिकली! मी मात्र "काय करून राहिली?" म्हटलं की लगेच दुरुस्ती. "करतेयस म्हण गं." ती परगावची म्हणून तिला सगळं माफ. मी त्याच राज्यातली, त्याच भाषेतली, म्हणून मला चुकायची सोयच नाही. दीड वर्षात मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट ही. परकी असते तर बरं झालं असतं, असं दोन-तीनदा तरी मनात आलंय.

"तुमचं मराठी हिंदीमिश्रित," हे तर ठरलेलं वाक्य. असेल ना. 1956 पर्यंत नागपूर मध्य प्रदेशात होतं, तेही राजधानी म्हणून. कचेऱ्या, कोर्टं, बाजार, सगळीकडे दोन्ही भाषा नांदल्या. महाराष्ट्र झाला 1960 ला, तोवर माझ्या आजीचं अर्धं आयुष्य बोलून झालं होतं. पण मग "मी त्याला बोलली", "जाम भारी", "खालीपिली" हे कुठल्या पोथीतलं मराठी, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही. विचारणार आहे एकदा.

चुका मात्र खऱ्याच झाल्या. पहिल्या आठवड्यात लोकलमध्ये लेडीज डब्यात कशीबशी चढले, उभी राहिले. बसलेल्या एकीच्या समोर दुसरी येऊन नुसतंच म्हणाली, "कुठे?" ती म्हणाली, "घाटकोपर." मला वाटलं, काय छान, ओळख करून घेऊन राहिल्या. मुलुंड गेल्यावर तीच बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "कुठे?" मी हसून सांगितलं, "आम्ही नागपूरचे. सीताबर्डीजवळ घर आहे. मिस्टरांची बदली झाली ना, म्हणून..." डबा एक क्षण गप्प झाला आणि मग फुटला. ती फक्त मी कुठे उतरणार ते विचारत होती, माझी जागा धरायला. मी बसलेलीही नव्हते. आता त्या चौघी-पाचजणी मला 'सीताबर्डी' म्हणतात, जागा मात्र न विचारता धरतात.

कूलरचं तर नकोच. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, पण हवा अशी कोरडी की ओल्या गवतातून वारं आलं की खोली गार. तो भला मोठा लोखंडी कूलर आम्ही ट्रकमधून इथे आणला. इथली हवा आधीच पाण्यानं भरलेली, तिच्यात आणखी पाणी उडायला जागाच नाही. दोन दिवसांत खोली दमट, मीठ ओलं, चादरीला वास. तिसऱ्या दिवशी कूलर बाल्कनीत गेला. सध्या त्यात कांदे-बटाटे असतात. आलू नाही, बटाटे. शिकले.

शब्दांचा मार सगळ्यात जास्त भाजीबाजारात. आल्या आल्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला म्हटलं, "भाऊ, पाच रुपयांचा सांबार द्या." त्यानं शेजारच्या किराणा दुकानाकडे बोट केलं, "मसाला तिकडे मिळेल ताई." आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. आम्ही सांबारवडी करतो ती कोथिंबिरीची, डाळीचा काही संबंध नाही. समोर हिरव्यागार जुड्या रचलेल्या, मी त्यांच्याकडे बोट दाखवतेय आणि तो दुकानाकडे. हा किस्सा मी हसत हसत समोरच्या काकूंना सांगितला होता. त्या अजून विसरलेल्या नाहीत.

कोथिंबीर पाठ झाली, शेंगदाण्यांना फल्ली म्हणणं सोडलं, बरबटीची चवळी झाली. वाटलं, आता जमलं. आणि परवा, शनिवारी, जांभळी नाक्याला सोळा भाज्या घ्यायला गेले. गर्दी अशी की पिशवी डोक्यावर धरावी. यादी वाचत गेले, तो भराभर देत गेला. "कोहळं, अर्धा किलो." त्यानं कापून, कागदात बांधून दिलं. घरी येऊन सोडलं तर आत पांढरंफटक, पाणचट काहीतरी. आमच्याकडे कोहळं म्हणजे लाल भोपळा. इथे कोहळा म्हणजे तो पेठ्याचा. सासूबाईंनी फोड हातात घेतली, वास घेतला, ठेवून दिली. "हे तर दृष्टीसाठी बांधतात," एवढंच म्हणाल्या. नवरा रात्री नऊला भोपळा शोधत फिरला.

लेकीचं वेगळंच. ती सहावीत आहे. सहा महिन्यांत तिची भाषा इथली झाली. फोनवर मैत्रिणीशी बोलताना मी मागून काही म्हटलं की हात हलवून गप्प करते. नऊ दिवसांपूर्वी तान्हा पोळा झाला, पोरांनी लाकडी बैल घरोघरी न्यायचा. मी माळ्यावरून तिचा लाकडी बैल काढला, पुसला, शिंगांना बेगड लावली. ती म्हणाली, "आई, इथे कुणाकडे घेऊन जाऊ? ते विचारतील हे काय." खरंच. तिकडे त्याच दिवशी मारबतींची मिरवणूक, सगळं नागपूर रस्त्यावर, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडणारं. आणि इथे एक बैल टीव्हीशेजारी उभा.

आता आजचं.

दुपारी आरती झाली, नैवेद्य झाला. तळणीच्या पदार्थांचा फुलोरा पंख्याच्या हुकाला टांगला, कारण छताला दुसरं काहीच नाही. संध्याकाळच्या पंगतीला नागपूरकडचीच चार-पाच कुटुंबं येणार होती. मध्ये थोडा वेळ होता, म्हणून एका लहान गंजात आंबील घेतली आणि समोर काकूंकडे गेले, हळदीकुंकवाचं बोलावणंही करायचं होतं. काकूंचं माहेर अलिबागकडचं. त्यांच्याकडेही काल गौर आली. तेरड्याची गौर, तिला हिरवी साडी, सुपं भरून ठेवलेली.

दार उघडंच होतं, आणि पायरीवरच वास आला. मटणाचा. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाचा.

मी काही सोवळ्यातली बाई नाही. घाम पुसत, नाक ओढत सावजी मटण खाणारी. पण सासूबाईंच्या राज्यात ते बाहेर खायचं आणि अंगणातल्या नळावर चूळ भरून घरात यायचं. आणि महालक्ष्म्यांचे तीन दिवस तर घरात कांदा-लसूणसुद्धा नाही. मी त्या दारात आंबील घेऊन अशी उभी, जणू कुणी चोरी करताना पाहिलंय.

आत पाहिलं तर गौरीच्या पानात मटण, वडे, सगळं. आणि शेजारी गणपतीच्या समोर दोरीवर एक जुनी व्हॉइलची साडी पडद्यासारखी ओढलेली.

"बाप्पाला चालत नाही ना," काकू म्हणाल्या. "तिचं जेवण होईपर्यंत पडदा. तिला तिखटाचा नैवेद्य लागतो." आणि बोलता बोलता एक स्टीलचा डबा माझ्या हातात. "घे, गरम आहे."

माझा हात मागे आला. विचार करून नाही, आपोआप. तोंडातून निघालं, "काकू, आज नाही होत माझ्याच्यानं." वाक्यही धड इथलं नाही.

काकूंचा चेहरा पडला. "नैवेद्य आहे गं तो," त्या हळू म्हणाल्या. हे फार वाईट होतं. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. माझ्या घरात बसलेली तीच बाई, त्यांच्याही घरात तीच, आणि मी तिच्याच ताटातलं नाकारत होते.

तेवढ्यात मागून सासूबाई. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मला धस्स झालं. त्यांनी गौर पाहिली, पान पाहिलं, मग काठी टेकत दोन पावलं आत येऊन त्या साडीकडे बोट केलं. "हा पडदा काहून?"

काकूंनी पुन्हा सगळं सांगितलं. लेकरू शाकाहारी, आई माहेरी आलेली, तिच्या आवडीचं करायचं, पण त्याला दिसू द्यायचं नाही.

सासूबाई हसल्या. ठाण्यात आल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "बरं आहे तुमचीचं. माहेरी येऊन मनाजोगं खाते तरी. आमचीला बिचारीला इथेही आंबीलच."

काकू इतक्या हसल्या की डबा खाली ठेवावा लागला. मग आंबील चाखली. तोंड आंबट झालं. "ही कढी आहे की खीर?" सासूबाई म्हणाल्या, ज्वारीची आहे, ताकातली, आणि खाली बसून कृती सांगायलाच लागल्या. मी उभीच. "पण हे भांडं छान आहे," काकू म्हणाल्या. मी म्हटलं, "गंज आहे तो." त्यांनी भांडं उलटंसुलटं करून पाहिलं. "कुठेय गंज? चांगलं चकचकीत आहे की." इथे त्याला टोप म्हणतात हे मला ठाऊक होतं, पण तेवढ्यापुरतं मी सुधारलं नाही.

निघताना काकूंनी विचारलं, मग याचं काय करू? सासूबाईंनी उत्तर दिलं नाही, दाराकडे वळल्या. म्हणजे त्यांना कळलंय की आम्ही बाहेर काय खातो, बहुधा पंचवीस वर्षांपासून कळलंय. काकू मला हळूच म्हणाल्या, "तुमच्या गेल्या की घे. तोवर माझ्याकडे. आपल्या दोघींमध्ये भिंत आहेच, पडद्याची गरज नाही."

संध्याकाळी त्या हळदीकुंकवाला आल्या. महालक्ष्म्यांना बघून म्हणाल्या, "अगं, यांना तर पोरंबाळंही आहेत!" आणि बाळांच्या पुढ्यात एकेक केळं ठेवलं. लेक त्यांना सोळा भाज्या मोजून दाखवत होती. कोहळं म्हणाली. मी ऐकलं. लाल भोपळा नाही म्हणाली.

पंगत उठायला साडेदहा झाले. लिफ्टपाशी "चला, येतो बरं", "येऊन जा ना एकदा" असं अर्धा तास चाललं, मजल्यावरचे एकदोन दरवाजे किलकिले झाले. आवाज झाला एकदाचा, सासूबाईंना बरं वाटलं असेल.

आत्ता, हे लिहिताना, मोबाइल वाजला. काकूंचा मेसेज:

"आंबील नातवाने संपवली. गंज उद्या पाठवते. तुझा डबा फ्रीजमध्ये वरच्या खणात आहे. उद्या सासूबाई झोपल्या की ये, गरम करून वर सांबार घालून देते."