डावं पुढचं चाक

गौरी-गणपती झाले की कराडातल्या आमच्या वॉशिंग सेंटरवर आठवडाभर कोकणची तांबडी माती धुण्याचाच धंदा असतो. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून, कोयनानगर आणि पाटण करत गाड्या येतात. मडगार्डच्या आत बोटबोट चिखल, डिकीत नारळ, मागच्या काचेला चिकटलेली दूर्वांची काडी. मालकांना गाडी घरी न्यायच्या आधीच स्वच्छ हवी असते. शेजाऱ्यांनी बघायच्या आत.

त्या दिवशी रॅम्पवर गुरुजींची गाडी होती. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक, आमचं महिन्याचं गिऱ्हाईक. काकू आतच बसून होत्या, मांडीवर मोदकांचा डबा. पोरानं पंप सुरू करून आधी उजवी बाजू मारली, मग वळसा घालून डावीकडं आला. डाव्या पुढच्या चाकावर पाणी पडलं आणि चर्रर्र आवाज आला. तव्यावर पाणी शिंपडल्यावर येतो तसा. वर वाफेचा लोट. त्यानं पाण्याची बंदूक बाजूला केली आणि माझ्याकडं बघितलं.

मी ओरडलो, "बंद कर! पाणी नको मारूस."

ब्रेकच्या तापलेल्या डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर, गार पाणी मारायचं नाही, हा आमच्याकडं पहिल्या दिवशी शिकवायचा धडा. पण तो मारतो कसा, हा प्रश्न नव्हता. उजव्या चाकावर त्यानं तसंच पाणी मारलं होतं आणि तिथं काहीच झालं नव्हतं. मी उजव्या चाकाजवळ हात नेला, कोमट. डाव्याजवळ नेला तर वीतभर अंतरावरूनच धग लागली.

"घाटातून आलोय रे," गुरुजी म्हणाले. "ब्रेक तापणारच."

उतरताना तापतात, गुरुजी. चिपळूणला जाताना घाट उतरायचा, तेव्हा ब्रेक तापले असते तर मी काही बोललो नसतो. पण येताना घाट चढायचा असतो. चढाला ब्रेक लावतो कोण? आणि लावला तरी एकाच चाकाला लागतो होय?

हे बोलताना मला दुसरीच गोष्ट आठवायला लागली आणि जरा ओशाळल्यासारखं झालं. मे महिन्यापासून हे चाक निघत नव्हतं. बाकी तिन्ही अलॉय चाकं शाम्पूनं लख्ख व्हायची आणि ह्या एकाच्या दांड्यांवर काळपट-तपकिरी कीट तसंच राहायचं. पोरगं दर वेळी सांगायचं, "मालक, ह्ये निघतच न्हाय." माझं उत्तर ठरलेलं: डावी बाजू रस्त्याच्या कडेची, कडेचा चिखल जास्त उडतो, जोर लाव. चार महिने मी त्याला जोरच लावायला सांगत होतो.

पुढची चाकं मागच्यांपेक्षा काळी होतात ते बरोबरच आहे. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढं झुकतं, त्यामुळं थांबवायचं बहुतेक काम पुढचेच ब्रेक करतात. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना मागं ड्रम असतो, त्यातली भुकटी आतच राहते. पुढं डिस्क असते, बिडाची. तिच्या आतबाहेर एकेक पॅड असतो; ब्रेक दाबल्यावर तो तिच्यावर घासला की दोघांचीही झीज होते आणि ती गरम भुकटी चाकावर जाऊन बसते. त्यात लोखंडाचे कण असतात. ओल लागली की ते तिथंच गंजतात आणि रंगावरच्या पारदर्शक थराला, लॅकरला, धरून बसतात. म्हणून ते साबणाला दाद देत नाहीत. पण पुढचं उजवं आणि पुढचं डावं, यांच्यात एवढा फरक पडायचं कारण नाही.

गाडी तासभर तशीच उभी केली. काकूंना चहा दिला. गुरुजींना विचारलं, गाडी एका बाजूला ओढते का? म्हणाले, "डावीकडं ओढते जरा. अलाइनमेंट केलं की दोनदा!"

गार झाल्यावर जॅक लावला, गाडी न्यूट्रलला, आणि चाक हातानं फिरवून बघितलं. उजवं सहज फिरलं. डावं फिरवायला दोन्ही हात लावावे लागले. ब्रेक धरून बसला होता. चाक काढून पॅड बघितला, तर बाहेरचा अर्ध्याहून जास्त शिल्लक. तिथं मी घुटमळलो. पॅड चांगला दिसतोय, मग आपण उगाच म्हाताऱ्या माणसाला घाबरवतोय का? मी काही मेकॅनिक नाही, चाकं धुणारा माणूस. पण फिरत नव्हतं ते फिरतच नव्हतं. पलीकडच्या गॅरेजवाल्याला हाक मारली. तो हातातलं काम संपवून येतो म्हणाला. तोवर चाक हातात होतंच, म्हटलं आज ह्याचा निकाल लावू.

पोरगं आतून संडास धुवायच्या अ‍ॅसिडची बाटली घेऊन आलं. मी ती परत पाठवली. त्याची चूक नाही, मीही त्याच शाळेतला. धंद्याच्या पहिल्या वर्षी कुणीतरी बिनलेबलचा कॅन आणून दिला होता, "लावा आणि धुवा, हात लावायची गरज नाही" म्हणून. खरंच हात लावायची गरज पडली नाही. पॉलिश केलेलं उघडं अ‍ॅल्युमिनियम पाच मिनिटांत दुधाळ पांढरं झालं, पुन्हा चमकलं नाही, आणि चाकाचे पैसे मी हप्त्यानं फेडले. वर हातमोज्याला बारीक भोक होतं. दिवसभर काही नाही, रात्री बोट आतून जळायला लागलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, कॅनवर काय लिहिलंय? काहीच लिहिलेलं नव्हतं. चाकांच्या काही क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं, ते कातडीखाली उतरून शरीरातलं कॅल्शियम धरतं आणि दुखणं उशिरा सुरू होतं, हे मला तेव्हा त्यांच्याकडून कळलं. माझ्या कॅनमध्ये तेच होतं की दुसरं काही, कुणास ठाऊक. तेव्हापासून लेबल नसलेलं काही दुकानात येत नाही. कॉस्टिक सोडाही नाही, ते तर अ‍ॅल्युमिनियम खातंच.

आधी शाम्पू आणि मऊ ब्रश, वरची कोकणची माती गेली. मग डांबराचे ठिपके; टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला बोळा ठिपक्यावर मिनिटभर दाबून धरायचा, घासायचं नाही. चाकाच्या आतल्या बाजूला बॅलन्सिंगची वजनं चिकटवलेली असतात, ती ब्रशनं उपटली तर गाडी वेगात थरथरते. तिथं हातच फिरवायचा.

मग आयर्न रिमूव्हर, लोखंडाचे कण काढायचं औषध. फवारताना पाण्यासारखा दिसतो. अर्ध्या मिनिटात दांड्यांवर जांभळे ठिपके उमटले, मग ते ओघळायला लागले आणि बघता बघता चाकाखाली जांभळं थारोळं झालं. गुरुजी खुर्ची सोडून उठून आले.

"हे काय रे, शाई ओतलीस?"

शाई नाही. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाला धरतं आणि रंग बदलतो. वास मात्र नासलेल्या अंड्याचा. काकूंनी पदर नाकाला लावला. माझ्या बायकोचं पार्लर आहे, तिनं पहिल्यांदा माझ्या शर्टाचा वास घेतला तेव्हा तिला वाटलं मी तिच्या दुकानात काहीतरी सांडलं. केस कुरळे करायच्या लोशनमध्ये हेच रसायन असतं. घरात दोघांचा धंदा एकाच वासाचा.

हे चाकावर वाळू द्यायचं नाही, म्हणून सावलीतच काम. तीन-चार मिनिटं, ब्रश, पाणी. पहिल्या हाताला वरचं कीट गेलं. दुसऱ्या हातालाही तेवढाच गडद जांभळा रंग आला. एरवी दुसऱ्यांदा तो फिका पडतो. उजव्या चाकावर ताडून बघायला थोडा फवारला, तिथं चार फिकट रेघा आल्या आणि संपलं. तिसऱ्या हातानंतर डाव्याचा चंदेरी रंग पहिल्यांदा दिसला. राहिलेला खरखरीतपणा क्ले बारनं, म्हणजे मळ ओढून घेणाऱ्या मऊ मातीच्या वडीनं, काढला. हात फिरवला तर काचेसारखं.

दोन दांड्यांच्या मुळाशी मात्र काळे टिंब राहिले. तिथं उष्णतेनं लॅकरच फुगून फुटलं होतं आणि डाग खाली उतरला होता. गुरुजींना तसं सांगितलं, हे घासून निघणार नाही, निघालं तर रंगही निघेल.

तेवढ्यात गॅरेजवाला आला. पॅड दाबणारा कॅलिपर उघडला, तो ज्यावर सरकतो ती खालची पिन ओढून बघितली तर जागची हलेना. ग्रीस वाळून गंज धरला होता. पिन सरकत नाही म्हणजे कॅलिपर सरकत नाही, पॅड मोकळा होत नाही. त्यानं आतला पॅड काढून माझ्या हातावर ठेवला. बाहेरचा अर्धा शिल्लक होता, हा पत्र्याला टेकायला आला होता. बाहेरून बघणाऱ्याला तो दिसतच नाही.

गुरुजींनी पॅड हातात घेतला, उलटसुलट केला. मग म्हणाले, "उतरताना हे झालं असतं तर?" काकू काही बोलल्या नाहीत, डबा उघडून पोराच्या हातावर दोन मोदक ठेवले.

गाडी त्या दिवशी गॅरेजलाच राहिली. नव्या पिना, दोन्ही बाजूंचे पॅड, डिस्कही बदलावी लागली, निळी पडली होती. मी चाकाचे तीनशे रुपये घेतले. तीन तास गेले होते, पण चार महिने धुलाईचे पैसे तर घेतच होतो.

दिवाळीच्या आधी गुरुजी परत आले. मी काउंटरवर पावती फाडत होतो. पोरगं रॅम्पवर वाकून आधी डावीकडं गेलं, मग उजवीकडं, मग परत डावीकडं, आणि तिथूनच ओरडलं,

"मालक, दोन्ही सारखीच घाण हायत!"