'प्रत्येक' यादीबाहेर पडला, आणि 'क्षत्रिय'पाशी अडला

गेल्या नोंदीपर्यंत मी हौसेने बनवत असलेल्या प्रोग्रॅमिंग भाषेतला 'प्रत्येक' लूप (एकेक घटक घेऊन तेच काम पुन्हा पुन्हा करणारी रचना) फक्त यादीवर फिरायचा. आता तो आकडा, कोश (किल्ली आणि तिची किंमत अशा जोड्यांचा साठा) आणि मजकूर यांवरही फिरतो. मजकुरावर जरा लंगडत.

आकड्याचं काम अर्ध्या तासात उरकलं. 'प्रत्येक क : ५' म्हटलं की ० ते ४. 'गो' या प्रोग्रॅमिंग भाषेतही ही सोय २०२४ साली, १.२२ आवृत्तीत आली, तेव्हा आपण फार मागे नाही.

खरी फजिती आधीच्या रचनेने केली. लूप कुठवर आलाय ते सांगणारा काटा मी यादीच्याच पोटात ठेवला होता. एकाच यादीवर लूपात लूप लावला, तर आतला लूप काटा टोकाला नेऊन ठेवायचा आणि बाहेरचा पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळायचा. तीन नावांच्या नऊ जोड्या हव्या होत्या, छापल्या तीन. आता लूप सुरू होताना स्टॅकवर (चालू कामाच्या तात्पुरत्या साठ्यावर) नवा इटरेटर, म्हणजे एकेक घटक काढून देणारा, बनतो, काटा त्याच्याकडे. कंपायलर (लिहिलेल्या कोडचं सूचनांत भाषांतर करणारा) लूपासाठी दोनच सूचना काढतो: 'इटरेटर बनव' आणि 'पुढचं दे'. समोर कुठला टाइप आहे हे त्याला कळायची गरजच उरली नाही.

कोशावर फिरताना मधेच नोंद उडवली तर आतलं हॅश टेबल (नोंदी जिथे साठतात तो तक्ता) हलतं. म्हणून कोशाला एक मोजणी दिली. किल्ली वाढली वा गेली की ती एकाने वाढते. इटरेटरला ती बदललेली दिसली की सरळ एरर. किल्ली तीच ठेवून किंमत बदलायला मात्र मुभा आहे.

आणि मजकूर! 'क्षत्रिय' दिलं. बाइटने फिरलो तर २४ फेऱ्या, नुसता कचरा. कोड पॉइंटने (युनिकोड या लिपींच्या प्रमाणकाने प्रत्येक चिन्हाला दिलेल्या क्रमांकाने) ८, पण त्यात हलन्त आणि वेलांटी सुट्या पडतात. पायथन असंच करतं, पण मला ते बघवेना. माझ्या डोळ्यांना अक्षरं तीनच: क्ष, त्रि, य. ग्राफीम क्लस्टरचे (वाचणाऱ्याला एकच अक्षर वाटणाऱ्या चिन्हगटाचे) युनिकोडचे जुने नियम लावले तर ५ येतात, कारण ते हलन्तापाशी तोडतात. युनिकोड १५.१ने (२०२३) जोडाक्षर न तोडण्याचा नियम आणला, तो हाताने लिहिल्यावर ३ आले. त्यासाठीचा तक्ता सध्या फक्त देवनागरीपुरता आहे. गुजराती, बंगाली पुढच्या खेपेला.

'सुऱ्या' अजून तपासायचंय. हा अर्धा र कुणी 'ऱ'ने लिहितं, कुणी र, हलन्त आणि अदृश्य जोडक घालून. दोन्हींत फेऱ्या दोनच यायला हव्यात.